विंचची कामगिरी आणि एक आकडा

रेडिओने चालवायच्या, इंजिन नसलेल्या ग्लायडरच्या नमुन्याला आकाशात चढवण्याची एक रीत म्हणजे विद्युत विंच. १२ व्होल्टची बॅटरी, मोटर, नायलॉनचा दोर आणि समोर वाऱ्याच्या दिशेला रोवलेली कप्पी. आंतरराष्ट्रीय एफ३बी स्पर्धेत विंच ते कप्पी हे अंतर २०० मीटरपेक्षा जास्त चालत नाही. ग्लायडर पतंगासारखा चढतो. शेवटी चालक त्याला क्षणभर खाली सूर मारायला लावतो आणि ताणलेल्या दोरातली ऊर्जा वेगात घेऊन, दोर सोडून, सरळ वर झेपावतो.

हल्ली ग्लायडरच्या पोटात चिमुकला वायुदाबमापक ठेवतात. त्याच्या आलेखातला सर्वांत उंच बिंदू म्हणजे विंचची कामगिरी, असे मानले जाते. आमचा आक्षेप आहे तो या ‘म्हणजे’ला.

समजा, एक ग्लायडर २०० मीटरवर सेकंदाला १० मीटर वेगाने पोचला आणि दुसरा १९० मीटरवर २० मीटर वेगाने. वेगाचा वर्ग भागिले २ग हे सूत्र लावले, तर पहिल्याची गतिज ऊर्जा ५ मीटर उंचीइतकी भरते, दुसऱ्याची २० मीटर. म्हणजे २०५ विरुद्ध २१०! ‘हरलेला’च पुढे निघाला.

मग दोर सुटतानाचा वेगही मोजावा, हे ओघानेच आले. पण तिथे उपकरण थकते. जमिनीजवळ एक मीटर चढल्यावर दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो. उलट सेकंदाला ३० मीटर वेगाच्या वाऱ्याचा गतिक दाब ५४० पास्कल असतो. त्याचा दहावा हिस्सा जरी फटीतून आत शिरला, तरी साडेचार मीटरची चूक झाली. शिवाय सेकंदाला एकच नोंद होत असेल, तर दोन नोंदींमध्ये ग्लायडर ३० मीटर निघून गेलेला असतो. शिखरावर वेग कमी, म्हणून तिथली नोंद त्यातल्या त्यात विश्वासाची. गंमत अशी, की जो आकडा सर्वांत नीट मोजता येतो, त्यात विंचबरोबर वारा, दोर आणि चालकाचे कसब हे सगळेच मिसळलेले असते.

तापमानाकडे तर कोणी बघतच नाही. उपकरण १५ अंश सेल्सिअस धरून चालते. ३५ अंशांच्या विरळ हवेत त्याने २०० दाखवले, तर खरी उंची २१४ मीटरच्या आसपास असते.

दोन विंचांची तुलनाच करायची असेल, तर एकच ग्लायडर, एकच चालक, एकच दुपार घ्यावी. उड्डाणे आलटूनपालटून करावीत आणि दर वेळी वाऱ्याचा वेग व बॅटरीचा दाब वहीत टिपावा.