कायद्याने लुटलेली भूमी

वकिली व्यवसायात एक गोष्ट लवकरच ध्यानी येते : चोराने नेलेले धन क्वचित परत मिळते, परंतु सही, साक्ष व शिक्क्यानिशी गेलेली जमीन सहसा परत येत नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या इतिहासकार अँजी डेबो यांचा ‘अँड स्टिल द वॉटर्स रन’ हा १९४० सालचा ग्रंथ वाचताना आम्हांस याचा पदोपदी प्रत्यय आला.

चेरोकी, चिकसॉ, चोक्टॉ, क्रीक व सेमिनोल या पाच आदिवासी राष्ट्रांना १८३० च्या कायद्यानंतर आग्नेयेकडील मायभूमीतून हुसकून या प्रदेशात आणण्यात आले. नवी भूमी निरंतर तुमचीच राहील, असे वचन त्यांना मिळाले. पाणी वाहते आहे तोवर, अशी ग्वाही देणाऱ्या त्या भाषेवरूनच ग्रंथाला हे उपरोधिक नाव दिले आहे. ही भूमी कोणा एकाची नव्हती, साऱ्या जमातीची होती. देवस्थानाची वा कोमुनिदादीची जमीन ठाऊक असलेल्या आमच्या वाचकांना ही कल्पना उलगडून सांगावयास नको. १८९८ च्या कर्टिस कायद्याने ती माणशी वाटण्याचा मार्ग मोकळा केला. १९०७ साली राज्य स्थापन झाले. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने पुष्कळ जमिनींवरील विक्रीबंदी उठली आणि अज्ञान मुलांची मालमत्ता स्थानिक न्यायालयांच्या स्वाधीन झाली. भूमीत तेल सापडले होते. तेव्हा ‘पालक’ होण्यास लोक पुढे सरसावले, यात नवल ते काय? केट बार्नार्ड या अधिकारी बाईंना झाडाच्या ढोलीत झोपणारी तीन अनाथ मुले आढळली. त्यांच्या जमिनीचे उत्पन्न पालक घेत होता. पुढे विधिमंडळाने बाईंच्या खात्याचा निधीच तोडला.

डेबो कोठेही आक्रोश करीत नाहीत. त्या केवळ दप्तर उघडून दाखवतात. हाच ग्रंथाचा मोठा गुण होय. कागदपत्रांच्या दाटीत आदिवासींचा स्वतःचा आवाज क्षीण होतो, हा दोषही आम्ही नोंदवतो. परंतु लेखिका १८९९ साली, वयाच्या नवव्या वर्षी, गोऱ्या वसाहतवाल्यांच्या गाडीतून तेथे आल्या होत्या, हे विसरता येत नाही. ही साक्ष त्यांनी स्वजनांविरुद्ध दिली, तीही हयात प्रतिष्ठितांची नावे घेऊन. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने छापण्याचे टाळले. अखेर प्रिन्स्टनने ग्रंथ काढला. १९८५ साली त्याच राज्याच्या विधानभवनात डेबो यांचे चित्र लागले.

२०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की संघीय फौजदारी कायद्यापुरते क्रीकांचे राखीव क्षेत्र कधी संपलेच नव्हते. विकली गेलेली शेते मात्र त्यामुळे परतली नाहीत.

आपल्या प्रांताचे स्थलमाहात्म्य लिहिणारे पुष्कळ असतात, आणि ते सर्वांना रुचतेही. त्याच भूमीचा इतिहास लिहावयाचा, तर आपल्याच माणसांची खातेवही तपासावी लागते. डेबो यांनी ती तपासली. म्हणून हा ग्रंथ आम्ही वाचकांपुढे आदराने ठेवतो.