परक्याचा सण आणि मराठी लेखणी

परदेशी गेलेला मराठी लेखक तेथील राष्ट्रीय सणाच्या दिवशी काय करतो? बहुधा कडेला उभा राहून पाहतो. संचलन, पताका, गर्दी यांचे साग्र वर्णन करतो, आपला पंधरा ऑगस्ट आठवून एक सुस्कारा टाकतो आणि पुढील प्रकरणास लागतो. असली पाने आम्ही हौसेने वाचली आहेत. परंतु वाचून झाल्यावर रुखरुख उरते ती ही की, ज्यांचा सण त्यांच्या उंबरठ्याच्या आत हा लेखक शिरलेलाच नसतो.

भिलाईत बसून हा विचार सुचावा यात नवल नाही. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत तंत्रज्ञ येथे आले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आणि दुर्गजवळच्या या माळावर रशियन कुटुंबे पुढे कित्येक वर्षे नांदली. ७ नोव्हेंबर हा त्यांचा मोठा दिवस. क्रांती ऑक्टोबरची आणि सण नोव्हेंबरात, हे कोडे ज्यांना पडते त्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे की, १९१७ साली रशियात जुनी ज्युलियन गणना चालू होती आणि ती तेरा दिवसांनी मागे होती. येथे भूमी आपली, सण त्यांचा; म्हणजे यजमानच पाहुणा! आणि आपण मराठी नोकरदार तरी या मुलखात पुरते यजमान कोठे होतो? नागपूरकर भोसल्यांचे राज्य एके काळी येथवर होते, १९५६ पर्यंत नागपूर याच प्रांताची राजधानी होती, एवढ्या भांडवलावर आपल्यापैकी काहीजण अद्याप घरमालकाचा ताठा मिरवतात. तो सोडलेला बरा.

रशियाविषयी मराठीत आस्थेने लिहिले गेले. अनंत काणेकरांच्या १९४० च्या पुस्तकाचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ हे नावच मनाचा कल सांगून टाकते. अण्णाभाऊ साठे १९६१ साली तिकडे गेले आणि त्यातून ‘माझा रशियाचा प्रवास’ आले. तथापि आमच्या मते अण्णाभाऊंचे याबाबतीतले खरे कर्तृत्व प्रवासवर्णनात नाही; ते त्याआधीच्या स्टालिनग्राडच्या पोवाड्यात आहे. तो देश त्यांनी तोवर पाहिलाही नव्हता. परंतु शिवरायांच्या नि मावळ्यांच्या शौर्यासाठी मराठीने जो छंद, जी डफाची थाप राखून ठेवली होती, तीच त्यांनी व्होल्गाकाठच्या अनोळखी शिपायास देऊन टाकली. परक्याचा विजयदिन साजरा करायचा तर तो असा, आपल्या घरातले उत्तम भांडे काढून! यजमानांनी दिलेल्या चष्म्यातून पाहणारा प्रवासी हे करू शकत नाही.

पोवाडा प्रचारी होता, असा आक्षेप घेता येईल. होताच. ज्या साली अण्णाभाऊ रशियात गेले त्याच साली त्या शहराच्या नावातून स्टालिन गेला आणि ते व्होल्गोग्राड झाले. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघही उरला नाही. २००५ पासून रशियाने ७ नोव्हेंबरची सुटी काढून ४ नोव्हेंबरचा एकतादिन आरंभिला. बेलारूसने मात्र जुना दिवस राखला. स्तुतिपर ओळींतील राजकारण या उलथापालथीत जुने झाले. परंतु भुकेल्या, थंडीने काकडलेल्या माणसाविषयीची कणव जुनी झाली आहे, असे आम्हांस वाटत नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट. १ मे रोजी येथील मराठी माणूस दुहेरी सण करतो: कारखान्याचा कामगारदिन आणि १९६० पासूनचा महाराष्ट्रदिन. त्याचे वृत्तान्त, भाषणे, कविता आम्ही वर्षानुवर्षे वाचतो. परंतु १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले, त्याचा दिवस शेजारच्या घरी दरवर्षी येतो. त्या दिवशी आमची लेखणी पुन्हा कडेला उभी! शेजारीण ठेठरी-खुरमीचे ताट पाठवते, आम्ही ते रिकामे करून परत देतो. त्या ताटात घालून पाठवावे असे चार ओळींचे मराठी आम्हांपैकी कोणी लिहिले असेल, तर ते संपादकांनी मागवून घ्यावे आणि पहिल्या पानावर छापावे.