‘इंटरस्टेलर’चा पेपर: चित्रातून काय काढलं, ते सांगितलंय का?

विद्यापीठात अॅडव्हान्स्ड एडिटिंग आणि व्हीएफएक्स शिकताना बहुतेक वेळ सॉफ्टवेअरमध्ये जातो. समोरची फ्रेम कोणत्या गृहीतकावर उभी आहे, हा प्रश्न मागेच राहतो. तो विचारायची सवय लागावी म्हणून एक पेपर जरूर वाचा. २०१५ साली ‘क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी’ या जर्नलमध्ये तो आला. चार लेखकांपैकी ऑलिव्हर जेम्स, युजेनी फॉन टुन्झेलमन आणि पॉल फ्रँकलिन हे डबल निगेटिव्ह या व्हीएफएक्स स्टुडिओतले, तर किप थॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञ. विषय आहे ‘इंटरस्टेलर’मधलं कृष्णविवर.

पेपरची खरी ताकद पद्धतीत आहे. नेहमीच्या रेंडरिंगमध्ये पिक्सेलमागे प्रकाशाचे सुटे किरण सोडतात. स्थिर चित्राला तेवढं चालून जातं. पण कॅमेरा हलला की गडबड होते. तारा म्हणजे बिंदू; तो या फ्रेममध्ये किरणाला सापडतो, पुढच्या फ्रेममध्ये दोन किरणांच्या मधून निसटतो. पडद्यावर तारे लुकलुकतात. म्हणून या टीमने किरणाऐवजी किरणांचा बारीक झोत घेतला आणि तो आकाशाचा किती तुकडा व्यापतो याचं गणित केलं. एडिटिंग टेबलवरची तक्रार थेट सापेक्षतावादाच्या समीकरणांपर्यंत पोचली. हे मला फार आवडलं.

आता खटकलेली गोष्ट. कृष्णविवराभोवतीची तबकडी प्रचंड वेगाने फिरते. त्यामुळे आपल्याकडे येणारी बाजू जास्त उजळ आणि निळसर दिसायला हवी, लांब जाणारी मंद आणि लालसर. जाँ-पियेर ल्युमिने यांनी १९७९ मध्येच, हाताने शाईचे ठिपके देऊन, हा उजेडाचा फरक दाखवला होता. सिनेमात मात्र दोन्ही बाजू जवळपास सारख्या. शिवाय एका तासाला सात वर्षं, या कथेसाठी कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने फिरायला हवं. चित्रांसाठी घेतला कमाल मर्यादेच्या ०.६ पट स्पिन.

पेपर यातलं काही लपवत नाही. बदलाआधीची आणि नंतरची चित्रं त्यात दिलेली आहेत. पण कारण काय, तर प्रेक्षक गोंधळतील आणि एका बाजूला कललेलं चित्र ‘उघडच’ चालणार नाही. ‘उघडच’ म्हणजे कशावरून? दिग्दर्शकाला तो अधिकार आहेच. पण शोधनिबंधात हे न तपासलेलं गृहीतक ठरतं. आपल्या व्हायव्हात परीक्षकांनी नेमकं त्याच शब्दावर बोट ठेवलं असतं.

आणि याचा परिणाम होतो. बदल पेपरमध्ये राहतात, चित्र एकटंच फिरतं. ‘शास्त्रीयदृष्ट्या अचूक’ असं लेबल लावून. २०१९ मध्ये एम८७ च्या कृष्णविवराचं चित्र आलं, त्यातलं कडं एका बाजूला स्पष्टपणे जास्त उजळ आहे.

तुम्ही व्हीएफएक्स करा किंवा मायक्रोस्कोपी, प्रत्येक चित्राच्या तीन फाइल ठेवा: मूळ, दुरुस्त केलेली आणि अंतिम. काय काढलं आणि का काढलं, ते चित्राखालच्या मजकुरातच लिहा. पान २० वरचा खुलासा चित्राबरोबर जात नाही.