खोक्यावर नसलेला आकडा

जर्मनीत मॉनिटर घ्यायला गेलात की खोक्यावर रंगीत पट्टी दिसते. मार्च २०२१ पासून युरोपीय संघाच्या नियमानुसार तिच्यावर वीजवापराची ए ते जी श्रेणी, पडद्याचा कर्ण आणि पिक्सेल छापावे लागतात. चार्जिंगच्या नव्या नियमात दुसरी पट्टी आली: उपकरणाला चार्ज व्हायला कमीत कमी किती वॉट लागतात आणि जास्तीत जास्त किती चालतात. शिवाय कामाच्या जागांबद्दलचा जर्मन नियम सांगतो की पडद्यावरची अक्षरं स्पष्ट आणि पुरेशी मोठी हवीत, चित्र लुकलुकता कामा नये.

एवढ्या कायद्यांच्या भरवशावर मी २७ इंची ४के मॉनिटर लॅपटॉपला जोडला. मधे एक डॉक होता, म्हणजे मॉनिटर, नेटवर्क आणि कीबोर्ड एकाच तारेवर आणणारी डबी. चित्र आलं, सुरेख आलं. पण माउसचा बाण अडखळत चालू लागला आणि पान वर सरकवलं की ओळी उड्या मारू लागल्या. तासभर सेटिंग धुंडाळल्यावर कळलं की पडदा सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच ताजा होतोय. बिघाड कशातच नव्हता. तारेत जागा नव्हती.

हिशेब सोपा आहे. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा: जवळजवळ १२ गिगाबिट. यूएसबी-सीच्या तारेत वेगवान माहितीसाठी चार मार्गिका असतात. चारही चित्राला दिल्या, तर डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने १७.२८ गिगाबिट जातात आणि काम आरामात भागतं. पण डॉकला यूएसबी ३ चा वेगही हवा असला की दोन मार्गिका तिकडे जातात. चित्राच्या वाट्याला उरतात ८.६४. मग संगणक मुकाट्याने ३० वर उतरतो, कारण त्याला ६ गिगाबिट पुरतात. पडद्यावर सूचना म्हणून येत नाही. काही मॉनिटरच्या मेनूत ‘जास्त रिझोल्यूशन की जास्त डेटा वेग’ असा पर्याय असतो, पण तो शोधायला आधी दुखणं काय ते कळायला हवं.

दुसरा उपाय म्हणजे पिक्सेल कमी करणे. इथे मराठी वाचणाऱ्याला जास्त सोसावं लागतं. २७ इंचांवर फुल एचडीत इंचाला ८२ पिक्सेल मिळतात, ४के मध्ये १६३. जर्मन मजकूर ८२ वरही निभावून नेतो. ‘वैशिष्ट्य’ किंवा ‘उद्ध्वस्त’ लहान आकारात वाचून पाहा, म्हणजे फरक कळेल. मुद्रितं तपासताना रफार आणि अनुस्वार यांच्यात गल्लत झाली, तर चूक डोळ्यांची ठरते.

ही अडचण नवी नाही. डेलने २०१७ मध्ये ३२ इंची ८के मॉनिटर आणला, तेव्हा ६० हर्ट्झसाठी त्याला डिस्प्लेपोर्टच्या दोन केबल लावाव्या लागत. ८के ला सुमारे ४८ गिगाबिट लागतात आणि डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये २५.९२ मिळत. पण तिथे दोन तारा डोळ्यांना दिसत होत्या. मर्यादा लपलेली नव्हती.

आज ती लपली आहे. एकाच आकाराच्या खाचेमागे कुठे चित्र मुळीच जात नाही, कुठे ४के जेमतेम जातं, कुठे ८० गिगाबिटचा रस्ता असतो. तारांचंही तेच. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण यूएसबी-सीच्या खोक्यावर छापायला हरकत नाही. एचडीएमआयमध्ये तर २.१ या नावाखालची बहुतेक नवी वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत; आकडा वाचून खात्री होत नाही.

सामाईक चार्जरचा नियम वाईट नाही. फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही त्याची मुदत. फेकलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला सुमारे ११,००० टन, असा युरोपीय आयोगाचा अंदाज होता, आणि ड्रॉवरमधला गुंता ज्याने सोडवला आहे तो या नियमाला नावं ठेवणार नाही. पण नियमाने खाचेचा आकार आणि वॉट ठरवले. त्या खाचेतून चित्र किती जाईल, याला हात लावला नाही. त्याच्या यादीत कीबोर्ड आणि माउस आहेत, मॉनिटर नाही. परिणामी, एकच तार पुरेल या समजुतीने माणूस तिसरी आणि चौथी तार विकत घेतो. जो कचरा टाळायचा होता, तो तारांच्या रूपाने परत येतो.

तंत्रज्ञान भराभर बदलतं, कायद्याने वेग ठरवू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. पण वेग ठरवू नका, फक्त छापा. प्रमाणित तारांसाठी वॉट आणि गिगाबिट दाखवणारी चिन्हं यूएसबीच्या संघटनेने केलेलीच आहेत, पण ती ऐच्छिक आहेत. लॅपटॉप, डॉक आणि तार या तिघांवर एक ओळ पुरे: ‘या खाचेतून जास्तीत जास्त इतके पिक्सेल, सेकंदाला इतक्या वेळा, इतर उपकरणं जोडलेली असतानाही.’ यातला शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण गोम तिथेच आहे.

तोवर मॉनिटरच्या पट्टीवरचे पिक्सेल खरे, लॅपटॉपच्या पट्टीवरचे वॉट खरे, आणि त्यांच्या मधली तार मात्र आपली आपण तपासायची. नवा डॉक घेतलात तर डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा पहिल्या दिवशीच पाहा. जर्मनीत ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करता येते.