यंत्राचा नाद आणि रसिकांचा शोक : मालमोटारींच्या व्ही-८ इंजिनांविषयीच्या भावनेची चिकित्सा

उपयोगाची वस्तू व्यवहारातून निघून गेली, तर तिच्याविषयी सहसा कोणी शोक करीत नाही. तिच्या जागी अधिक सोयीची वस्तू आलेली असते आणि सोयीपुढे आठवण फार काळ टिकत नाही. मालमोटारींच्या मोठ्या डिझेल इंजिनांच्या बाबतीत मात्र निराळे घडले आहे. युरोपात व अमेरिकेत ह्या वाहनांवर मनापासून प्रेम करणारा एक मोठा रसिकवर्ग आहे. त्यांत चालक आहेत, यांत्रिक आहेत आणि ज्यांनी कधी मालमोटार हाकली नाही असे निव्वळ हौशीही आहेत. खरी इंजिने आता उरली नाहीत, हा सूर त्यांच्या बोलण्यात व लिहिण्यात सतत ऐकू येतो. हा शोक नेमका कशाचा आहे, ह्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. शोकाची सत्यता मान्य करूनही त्याचे आलंबन चुकीचे सांगितले जाणे शक्य असते. तसे येथे झाले आहे काय, हे पाहिले पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. स्वीडनच्या स्कानिया कंपनीने १९६९ मध्ये १४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन बाजारात आणले. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात मांडलेल्या चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा, अशी त्याची रचना होती. त्याची शक्ती ३५० अश्वशक्ती होती आणि त्या काळी युरोपातील मालमोटारींत ती सर्वांत अधिक मानली गेली. पुढे मर्सिडीझ-बेंझ, मान इत्यादी कंपन्यांनीही अशी इंजिने केली. परंतु युरो-६ मानकांच्या आगमनाच्या सुमारास त्यांनी आपल्या रस्त्यावरील मालमोटारींतून ती काढून टाकली आणि एका रांगेत सहा सिलिंडर असलेली रचना स्वीकारली. अमेरिकेत हा बदल आधीच सुरू झाला होता. जनरल मोटर्सच्या डेट्रॉइट डिझेल शाखेची ‘७१’ ह्या मालिकेतील द्विघाती इंजिने १९३८ पासून प्रचारात होती. १९८७ मध्ये त्याच कंपनीने ‘सिरीज ६०’ हे सहा सिलिंडरांचे चतुर्घाती इंजिन आणले आणि द्विघाती इंजिनांचे युग संपत आले. पिवळ्या रंगाच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या कॅटरपिलरने २०१० ची उत्सर्जन मानके पुरी करणारी मालमोटारींची इंजिने आपण करणार नाही, असे २००८ मध्ये जाहीर केले.

ह्या बदलाविषयी रसिकांचा पहिला आक्षेप असा, की मालमोटारीतील ‘ताकद’ गेली. हा आक्षेप आकड्यांपुढे टिकत नाही. १९६९ मधील ३५० अश्वशक्तीच्या जागी स्कानियाच्याच व्ही-८ इंजिनाने २०२० मध्ये ७७० अश्वशक्ती गाठली. त्याहून अधिक, म्हणजे ७८० अश्वशक्तीचे १७ लिटरचे इंजिन व्होल्वोने २०२४ मध्ये जाहीर केले. आणि ते एका रांगेतील सहा सिलिंडरांचे आहे. आकारमान घटले, हा दुसरा आक्षेपही असाच दुबळा आहे. अमेरिकेतील रसिक ज्याचे नाव आजही आदराने घेतात, ते डेट्रॉइटचे ‘८व्ही-७१’ अवघे ९.३ लिटरचे व ३१८ अश्वशक्तीचे होते. आजचे १३ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन आकाराने आणि शक्तीनेही त्याच्या पुढे आहे. तेव्हा शक्ती आणि आकार ही शोकाची कारणे म्हणून सांगितली जात असली, तरी त्याचे आलंबन ती नव्हेत.

‘व्ही-८’ ह्या शब्दाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. अभिधेने पाहिले, तर हा शब्द केवळ सिलिंडरांची संख्या व मांडणी सांगतो. आखूड लांबीत आठ सिलिंडर बसवून इंजिन चालकाच्या केबिनखाली मावावे, एवढाच त्या मांडणीचा व्यावहारिक हेतू. परंतु अधिक शक्तीचे वाहन नेहमी ह्याच इंजिनाचे असल्यामुळे शब्दाला ‘श्रेष्ठ वाहन’ असा लक्ष्यार्थ आला आणि असे वाहन निवडक चालकांच्याच हाती सोपविले जात असल्यामुळे ‘श्रेष्ठ चालक’ हा व्यंग्यार्थ त्यावर चढला. दरवाजावर लावलेले व्ही-८ चे चिन्ह ह्या तिसऱ्या अर्थाचेच वाहक आहे. शक्ती सहा सिलिंडरांकडे गेल्यावर लक्ष्यार्थाचा आधार तुटला, व्यंग्यार्थ मात्र निराधार होऊनही जिवंत राहिला. भाषेत अशी स्थिती नवी नाही. ज्या वस्तूमुळे शब्दाला मान मिळाला ती गेल्यावरही मान शब्दाजवळ राहतो.

तथापि एवढ्याने शोकाचा उलगडा होत नाही. मानचिन्ह गेल्याचे दुःख असते, तर नव्या चिन्हाने ते भागले असते. रसिकांच्या लेखनात चिन्हापेक्षाही अधिक वेळा येणारी गोष्ट म्हणजे आवाज. चतुर्घाती इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. द्विघाती इंजिनात तो प्रत्येक फेरीत पेट घेतो. म्हणून मिनिटाला २१०० फेरे घेणाऱ्या आठ सिलिंडरांच्या द्विघाती इंजिनात सेकंदाला २८० स्फोट होतात, तेवढ्याच सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनात १४० आणि सहा सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनात १०५. डेट्रॉइटच्या इंजिनाला ‘किंचाळणारे’ असे टोपणनाव मिळाले, ते ह्या दुप्पट स्वरामुळे. चतुर्घाती व्ही-८ ची लकब वेगळी आहे. सर्व सिलिंडर मिळून पाहिले, तर स्फोटांचे अंतर समान असते. पण प्रचलित रचनेत प्रत्येक रांगेपुरता त्यांचा क्रम विषम पडतो आणि त्यामुळे आवाजाला एक लडखडती लय येते. आजचे इंजिन इंधन वाचविण्यासाठी पुष्कळदा मिनिटाला हजाराच्या आसपास फेऱ्यांवर चालविले जाते. सहा सिलिंडरांत तेव्हा सेकंदाला सुमारे ५० स्फोट होतात आणि तो मंद नादही धूर गाळणाऱ्या यंत्रणेतून जाताना आणखी दबतो.

हा आवाज नुसता कानांना गोड लागत होता असे मानणे अपुरे होईल. अमेरिकी मालमोटारींच्या जुन्या गिअरपेट्यांत वेग जुळवून देणारी यंत्रणा नसे. इंजिनाचा स्वर किती उतरला म्हणजे पुढचा गिअर पडेल, हे चालकाने कानाने ओळखावे लागे. चढावर इंजिन कोठे दमणार, इंधनाचा पुरवठा कोठे अडतो आहे, हेही आवाजच सांगे. अर्थात् आवाज हे एक चिन्ह होते, चालक त्याचा वाचक होता, आणि हे वाचन त्याने वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने मिळविलेले होते. आज गिअर बदलण्याचे काम संगणक करतो आणि बिघाडाची सूचना पडद्यावर उमटते. माहिती पूर्वीपेक्षा अचूक मिळते; मात्र ती वाचण्यासाठी त्या जुन्या कानाची गरज उरत नाही. शोकाचे खरे आलंबन हे आहे. एक इंजिन गेले, ह्यापेक्षा एक साक्षरता निरुपयोगी झाली, ह्याचे हे दुःख आहे.

रसिकांच्या विवेचनातील मुख्य दोष असा, की ते ह्या दुःखाला हे नाव देत नाहीत. ते शक्तीची भाषा बोलतात आणि सारा दोष उत्सर्जनाच्या कायद्यांवर टाकतात. कायद्यांचा वाटा आहेच. युरो-५ मध्ये किलोवॅट-तासाला २ ग्रॅम असलेली नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा युरो-६ ने ०.४ ग्रॅमवर आणली. परंतु त्या धुराची किंमतही हिशेबात धरली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराचा समावेश २०१२ मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. तो धूर सर्वांत जवळून घेणारा माणूस चालकच होता, आणि त्या आवाजाने बहिरेपणाचा धोका पत्करणाराही तोच. अमेरिकेत नव्या सांगाड्यात जुनी इंजिने बसवून विकण्याचा व्यापार वाढला, तेव्हा ही भावना केवळ भावना राहिली नाही. अशा वाहनांचे उत्सर्जन नव्या इंजिनांच्या कित्येक पटींनी अधिक असल्याने २०१६ च्या संघराज्य नियमांनी त्यांच्यावर मर्यादा घातल्या. साक्षरता गेल्याच्या दुःखाला जुना धूर परत आणणे हा उपाय होऊ शकत नाही.

रसव्यवस्थेच्या परिभाषेत सांगावयाचे, तर रसिक आपला भाव विप्रलंभाचा समजतात. इंजिन परत आले की विरह संपेल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात हा करुण आहे. उद्या व्ही-८ इंजिने पुन्हा विपुल झाली, तरी त्यांच्या पुढे संगणकच बसलेला असेल आणि कानाचे काम परत येणार नाही. ही गोष्ट स्पष्ट झाली, की शोकाला अनाठायी वादाचा आधार घ्यावा लागत नाही आणि त्याची योग्यताही कमी होत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला ह्यातून एक काम सुचते. इंजिने संग्रहालयात ठेवता येतात आणि त्यांचे आवाज मुद्रितही करता येतात; पण त्या आवाजाला चालकांनी व यांत्रिकांनी दिलेली नावे बोलणारा माणूस गेला की जातात. मराठीत ‘गाडी ओढत नाही’, ‘पिकअप घेत नाही’, ‘मिसिंग करते’, ‘इंजिन नॉकिंग करते’ ही वाक्ये अशाच श्रवणाचा अर्थ सांगतात. आपल्याकडील मालमोटारींची इंजिने लहान आहेत आणि त्यांच्यामागे व्ही-८ चा वैभवकाळही नाही; तरीही १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाल्यानंतर येथेही तपासणी कानाकडून यंत्राकडे जात आहे. ही शब्दसंपत्ती बोलणाऱ्यांच्या तोंडून, प्रत्येक शब्द कोणत्या आवाजासाठी वापरला जातो ह्याच्या नोंदीसह, आताच गोळा केली पाहिजे. नुसत्या शब्दांची यादी केली, तर ती उद्या ज्या स्वराला उद्देशून आहे तो स्वर कोणास ठाऊक नसलेली यादी ठरेल.