'सरिका' : चोरी कशाला म्हणावे?

अरबीत चोरीला 'सरिका' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी लपवाछपवी आहे. म्हणून चोरून ऐकणे, चोरटी नजर टाकणे यांनाही त्याच धातूतले शब्द आहेत. कुरआनच्या सूरह अल-हिज्रमध्ये सैतानाच्या चोरून ऐकण्याला हाच धातू आला आहे. बळजोरीने बळकावणे मात्र 'गसब', विश्वासाने सोपवलेले गिळणे 'खियानत'.

अरबी समीक्षकांनी 'सरिका' कवितेलाही लावला. मुतनब्बी (मृत्यू इ.स. 965) या थोर कवीवर असे आरोप झाले. तेव्हा काझी अल-जुर्जानी यांनी 'अल-वसाता' या ग्रंथात बजावले, की सर्वांच्या मालकीची कल्पना घेणे म्हणजे चोरी नव्हे. पुढे इब्न अल-असीर यांनी प्रकार पाडले : 'नस्ख' म्हणजे हुबेहूब उतरवणे, 'सल्ख' म्हणजे कातडे सोलावे तसा अर्थ काढून घेणे, 'मस्ख' म्हणजे चांगल्याचे विद्रूप करणे.

आपल्याकडे मराठी गझलेत रदीफ-काफिया जुळला की लगेच 'चोरी' म्हणून ओरड होते. जमीन एकच असू शकते. पीक कोणाचे, हे पाहावे. एखाद्या नव्या कवीवर शिक्का मारण्यापूर्वी समीक्षकाने एवढे तरी तपासावे. कारण खोटा आरोप हीदेखील एक लूटच : ती माणसाची अब्रू नेते.