आठवणीची साक्ष

आत्मचरित्रांच्या आपल्याकडील परीक्षणांत 'चित्रदर्शी' हा शब्द हमखास भेटतो. बालपण जितके स्पष्ट दिसते तितके ते खरे, असे आपण गृहीत धरतो. मीही अनेकदा तसे लिहिले आहे. तो निकष आता मला तपासावासा वाटतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात स्वतःचीच एक आठवण तपासली आहे. वयाच्या दुसऱ्या वर्षी, पॅरिसच्या शाँझेलिझेवर बाबागाडीतून त्यांना पळवण्याचा प्रयत्न झाला आणि दाईने तो हाणून पाडला. तो प्रसंग त्यांना स्पष्ट दिसत असे, तिच्या चेहऱ्यावरचे ओरखडे अंधुकसे. ते सुमारे पंधरा वर्षांचे असताना दाईने पत्रातून कबुली दिली, की हे सारे तिने रचले होते. बक्षीस मिळालेले घड्याळही तिने परत केले. घरात ऐकलेली गोष्ट पियाजे 'पाहिलेली' म्हणून जपत आले होते.

१९७० साली जॉन फ्लॅवेल आणि सहकाऱ्यांनी मुलांना विचारले, किती चित्रे तुमच्या लक्षात राहतील? बालवाडीच्या वयातील निम्म्याहून अधिक मुले म्हणाली, दहाच्या दहा! प्रत्यक्षात त्यांना बरीच कमी आठवली. मोठ्या मुलांचे अंदाज वस्तुस्थितीच्या अधिक जवळ होते. पण प्रयोगात चित्रे मोजता येतात. घरातल्या आठवणींची उत्तरपत्रिका कोणाजवळ असते?

पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. मी चार वर्षांचा. आजीच्या कडेवरून पाण्यात तरंगणारे कपाट पाहिल्याचे मला लख्ख आठवते. थोरली बहीण एकदा सहज म्हणाली, "अरे, तू तेव्हा साताऱ्याला मामाकडे होतास. कपाटाची गोष्ट आजी सांगायची." चित्र अजून पुसलेले नाही, त्यावरचा माझा हक्क तेवढा गेला.

म्हणून मला वाटते, आपली आठवण जोखायला मूल एकट्याने शिकत नाही. त्याला दुसरा साक्षीदार लागतो. "खोटं बोलू नकोस" किंवा "किती छान आठवतं याला!" यांतून ते काही शिकत नाही. "हे तू पाहिलंस, की कोणी सांगितलं?" असे कोणी न रागावता विचारले, तर शिकते.

समीक्षकानेही आत्मचरित्राला हाच प्रश्न विचारावा. ज्या पानावर लेखक बहिणीला आपले म्हणणे खोडू देतो, त्या पानावर मी यापुढे अधिक विश्वास ठेवीन.